फिशटँक गळतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीखाली पाणी दिसलं की पहिला संशय काचेवर नाहीतर काचा जोडणाऱ्या रबरासारख्या सिलिकॉनवर जातो, आणि पहिली धाव सिलिकॉनच्या नळकांडीकडे. इथेच निम्मी कामं बिघडतात. पाणी जिथून ठिबकतंय तिथूनच ते गळतंय असं क्वचितच असतं, आणि कित्येकदा टाकी धडधाकट असते, गळतं दुसरंच काहीतरी. म्हणून खाली दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर जास्त लिहिलं आहे.

टाकीखाली पाणी साचलंय. सगळ्यात आधी काय करायचं?

वीज बंद करा. हीटर, फिल्टर, दिवा, एअर पंप, सगळ्यांची बटणं भिंतीवरूनच बंद करा आणि मगच प्लग काढा. एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या आत किंवा जमिनीवर असेल आणि तोच भिजला असेल, तर त्याला हात लावू नका. घराचा मेन स्विच पाडा. हे होईपर्यंत टाकीत हात घालायचा नाही, मासे कितीही घाबरलेले दिसोत.

हीटर बंद केल्यावर त्याला दहा-पंधरा मिनिटं पाण्यातच राहू द्या. पाणी उतरून तापलेला हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते, आणि मग एका भानगडीच्या दोन होतात.

त्यानंतर बघायचं ते एवढंच: धार लागली आहे की थेंब पडताहेत? धार असेल, किंवा काचेला तडा दिसत असेल, तर शोध बाजूला ठेवून लगेच पाणी काढायला घ्या. पायांत चपला-बूट असू द्या आणि लहान मुलांना खोलीबाहेर काढा. थेंब पडत असतील तर खाली परात ठेवा आणि शांतपणे पुढचं वाचा.

थेंब थेंब गळतंय. माझ्या हातात किती वेळ आहे?

हिशेब सोपा आहे. पाण्याचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या थोडं वर. 60 सेंमी लांब आणि 30 सेंमी रुंद टाकीत एवढ्याने पातळी दिवसात जेमतेम अडीच सेंमी उतरेल. माशांच्या दृष्टीने ही काही आणीबाणी नाही. लाकडी फरशी आणि खालच्या मजल्याचं छत यांच्या दृष्टीने मात्र आहे.

प्लायच्या किंवा एमडीएफच्या स्टँडचीही घाई करावी लागते. एमडीएफ पाणी पिऊन फुगतो, एका बाजूने वर येतो आणि टाकीला खालून पिळतो. मग जो सांधा चांगला होता तोही उघडायला लागतो.

वेळ वाढवून घ्यायचा असेल तर पाणी निम्म्यावर आणा. काचेवरचा एकूण जोर पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 सेंमी लांबीच्या काचेमागे 36 सेंमी पाणी असेल तर त्या काचेवर सुमारे 39 किलो जोर असतो. पाणी 18 सेंमीवर आणलं की तो दहा किलोच्या आत येतो. तळाच्या सांध्यावरचा दाबही निम्मा होतो.

टाकीच गळतेय हे कशावरून ओळखायचं? दुसरीकडूनही पाणी येऊ शकतं का?

येऊ शकतं, आणि बहुतेक वेळा तसंच असतं. काचेवर आळ घेण्याआधी हे सगळं तपासून घ्या.

पहिला संशयित बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर. त्याच्या झाकणाखालची रबरी ओ-रिंग वाळते, चपटी होते, किंवा साफ करताना तिच्यावर वाळूचा एखादा कण राहून जातो. एवढ्या एका कणानेही पाणी झिरपत राहतं. फिल्टर कोरडा पुसून रात्रभर वर्तमानपत्रावर उभा ठेवा. सकाळी कागदावर ओलं वर्तुळ दिसलं तर टाकीला दोष देऊ नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं, तेव्हा ती टाळलेली बरी. नळ्या जिथे नळाच्या तोट्यांना जोडलेल्या असतात तिथे बोट फिरवून बघा. जुनी नळी टोकाला कडक होते आणि पकड सोडते.

काठावर अडकवायचा हँग-ऑन फिल्टर असेल तर त्याचा स्पंज शेवटचा कधी धुतला ते आठवा. स्पंज तुंबला की पाण्याला समोरून वाट मिळत नाही, ते फिल्टरच्या पेटीत चढतं आणि मागच्या काठावरून काचेवर ओघळतं. हे सगळं टाकीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला होतं. पुढून दिसतं ते फक्त तळाशी साचलेलं पाणी.

एअर पंपाची नळी हा तिसरा. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर त्याच बारीक नळीतून पाणी उलटं वाहू लागतं. सायफन एकदा लागला की नळीचं पाण्यातलं टोक उघडं पडेपर्यंत तो थांबत नाही. एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तळाशी असेल तर जवळजवळ पूर्ण टाकी पंपातून जमिनीवर येऊ शकते. यावर उपाय म्हणजे पंप पातळीच्या वर टांगणं किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणं. व्हॉल्व्ह बसवण्याआधी त्यात दोन्ही बाजूंनी फुंकून बघा: हवा एकाच दिशेने गेली पाहिजे, आणि ती दिशा पंपाकडून टाकीकडे हवी.

मग वायरी. हीटरची किंवा पंपाची वायर टाकीच्या काठावरून सरळ खाली उतरत असेल तर तिच्या अंगाने थेंब ओघळत जातात, थेट सॉकेटपर्यंत. प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ द्या. पाणी झोळाच्या सगळ्यात खालच्या जागी येऊन टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. गळती असो वा नसो, प्रत्येक टाकीला हे करायलाच हवं.

राहिले किरकोळ संशयित. बुडबुडे फुटून झाकणाला लागलेलं पाणी झाकणाच्या कडेने बाहेर पडतं. मोठा मासा खाताना शेपटी मारतो. दमट हवेत टाकीचं पाणी खोलीपेक्षा गार असेल तर काचेवर बाहेरून दव धरतं आणि ओघळून तळाशी साचतं. दव ओळखणं सोपं: ते काचेवर सगळीकडे सारखं असतं आणि पाण्याच्या पातळीवर जवळजवळ रेषेत थांबतं. गळतीचं पाणी असं अंगभर पसरत नाही, ते एका वाटेने येतं.

खाली काहीच ओलं नाही, पण पाणी रोज कमी होतंय. ही गळतीच ना?

बहुधा बाष्पीभवन. उघडी टाकी, कोरडी हवा, चालू पंखा आणि हीटर असं एकत्र आलं की रोज काही मिलिमीटर पाणी उडणं अगदी साहजिक आहे.

खात्री करायची असेल तर एक रुंद, सरळ कडांचं भांडं टाकीतल्याच पाण्याने भरून टाकीशेजारी ठेवा. हीटर, फिल्टर आणि एअर पंप चालूच राहणार, म्हणून भांड्यापेक्षा टाकी थोडी जास्त उतरेल हे धरून चाला. दोन्हींवर मार्करने पातळीची खूण करा. दुसऱ्या दिवशी दोन्ही साधारण सारखीच उतरली असतील तर पाणी हवेत गेलं. टाकी भांड्याच्या दुपटी-तिपटीने उतरली असेल तर शोध सुरू करा.

गळती टाकीचीच आहे हे नक्की झालं. जागा कशी सापडेल?

आधी टाकी बाहेरून पूर्ण कोरडी करा. फडक्याने नव्हे, फडकं पाणी पसरवतं. टिश्यू पेपरने पुसा आणि तळाच्या फटीत केस वाळवायच्या यंत्राची गार हवा सोडा. मग टिश्यूची सुकी पट्टी दुमडून तिची कड उभ्या सांध्यांवरून वरून खाली सावकाश फिरवा, नंतर तळाच्या चारही कडांवरून. ओला ठिपका पट्टीवर जिथे पहिल्यांदा उमटेल त्याच्या जवळपासच उगम आहे. त्याच्या खाली जे ओलं आहे ते नुसतं ओघळलेलं पाणी.

टाकीला खालून प्लास्टिकची चौकट असेल तर घोळ वाढतो. चौकटीच्या आत पन्हळीसारखी जागा असते. मागच्या डाव्या कोपऱ्यात गळलेलं पाणी तिच्यातून फिरून पुढच्या उजव्या कोपऱ्यात टपकतं, आणि माणूस भलताच कोपरा दुरुस्त करत बसतो.

यापेक्षा खात्रीची पद्धत म्हणजे टाकीलाच सांगू देणं. मासे हलवले असतील तर पाणी भरू नका, गळू द्या, आणि दर काही तासांनी पातळीवर टेप चिकटवत जा. पातळी ज्या उंचीला येऊन थांबेल, गळती त्या उंचीवर आहे. उभ्या सांध्यात मध्येच भोक असेल तर ते असं अचूक सापडतं. पातळी थेट तळापर्यंत उतरत गेली तर दोष तळाच्या सांध्यात किंवा तळाच्या काचेत.

आता रिकाम्या टाकीत आतून बघा. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीवर टॉर्च तिरका मारा. चांगली पट्टी काचेला सलग चिकटलेली असते, काच आणि ती यांच्यामध्ये काही दिसत नाही. सुटलेल्या जागी कडेला दुधट रेघ दिसते, कधी त्या रेघेत हिरवं शेवाळ शिरलेलं असतं. तिथे नखाने हलकेच उचलून बघा. पट्टी सालीसारखी उठली तर चोर सापडला. शेवाळ खरवडताना ब्लेड कोपऱ्यात शिरून पट्टी कापली गेल्याच्या बारीक चिरा पण याच प्रकाशात दिसतात.

मासे तोपर्यंत कुठे ठेवू?

ज्याला कधी साबण लागलेला नाही असा मोठा प्लास्टिकचा टब किंवा बादली घ्या. उंच बादलीपेक्षा पसरट टब चांगला, कारण पाण्याचा जेवढा पृष्ठभाग हवेला उघडा तेवढा प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी नवं नको, टाकीतलंच घ्या. ते सायफनने काढताना वरचं स्वच्छ पाणी आधी टबात घ्या, गाळ उठण्यापूर्वी.

एअर स्टोन सोडा. वरून जाळी किंवा झाकण ठेवा, कारण घाबरलेला मासा उडी मारतो आणि टबाच्या बाहेर त्याला कोणी बघत नसतं. गुरामी आणि फायटर हे पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे मासे, त्यांच्यासाठी झाकण आणि पाणी यांत मोकळी जागा हवी. कॅटफिशच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना माशालाही इजा आणि आपल्यालाही, म्हणून त्यांना डब्यात हाकलून डब्यासकट उचला. खडी बाहेर काढताना तिच्यातल्या गोगलगायी आणि कोळंब्या बघून घ्या.

पहिले एक-दोन दिवस खायला घालू नका. निरोगी मोठे मासे एवढे सहज उपाशी राहतात, आणि खाणं नाही म्हणजे घाणही कमी. दुरुस्ती लांबली तर टबात स्पंज फिल्टर लावा आणि रोज पाव भाग पाणी बदला.

फिल्टर बंदच ठेवू का?

नको. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि दगडांवर राहतात, आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. बंद कॅनिस्टरमध्ये काही तासांतच प्राणवायू संपतो. फिल्टर टबावर चालवता आला तर उत्तम. नाही जमलं तर आतले स्पंज काढून माशांच्याच टबात, एअर स्टोनजवळ टाका. ‘आता काढलेच आहेत तर धुऊन घेऊ’ म्हणून ते नळाखाली धरू नका, क्लोरीनने बरीचशी वसाहत मरते.

बाहेरून सिलिकॉन लावलं तर चालेल का? टाकी रिकामी करायला नको.

नाही. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो. आतून लावलेली पट्टी पाणी काचेवर दाबून धरतं, बाहेरून लावलेली पट्टी तेच पाणी ढकलून सोडवतं. शिवाय गळती चालू असताना बाहेरची काच ओली असते आणि ओल्या काचेवर सिलिकॉन धरत नाही. दोन दिवस थांबल्यासारखं वाटतं, मग दुसरीकडून सुरू होतं, आणि आता मूळ जागा शोधणं आणखी अवघड झालेलं असतं. पारदर्शक टेप, गोंद, बाहेरून मेण, सगळ्यांची तीच गत.

निदान पाणी असताना आतून काही लावता येईल?

तात्पुरतं, हो. पाण्याखाली घट्ट होणारी आणि मत्स्यालयासाठीच बनवलेली एपॉक्सी पुटी मिळते. ती मळून गळत्या जागी दाबली तर थेंब कमी होतात आणि टब जमवायला एक रात्र मिळते. पाइपांसाठीची साधी पुटी मासे असलेल्या पाण्यात घालू नका, घट्ट होण्याआधी तिच्यातली रसायनं पाण्यात उतरतात. आणि रात्र मिळाली म्हणजे दुरुस्ती झाली असं समजून तशीच टाकी वर्षभर चालवू नका.

फक्त गळत्या जागीच नवं सिलिकॉन लावलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कोणालाच आवडत नाही. सुकलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. ठिगळ काचेला धरेल, पण ठिगळाची दोन टोकं जुन्या पट्टीवर असतात आणि पाणी नेमकं तिथून वाट काढतं. म्हणून आतली पट्टी सगळीच्या सगळी काढायची: चार उभे कोपरे आणि तळाच्या चार कडा. काम दुप्पट नाही, आठपट वाटतं. तरी एकदाच करावं लागतं.

एक फरक ध्यानात ठेवा. टाकीत सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. दोन काचांच्या मध्ये जो पातळ थर आहे तो मूळ जोड, टाकी त्याच्यावर उभी आहे. कोपऱ्यात आतून दिसते ती पट्टी फक्त पाणी अडवते. आपण काढतो ती पट्टी. मूळ जोडात ब्लेड घुसवायचं नाही.

कुठलं सिलिकॉन घ्यायचं?

शंभर टक्के सिलिकॉन, शक्यतो ज्याच्यावर मत्स्यालयासाठी असं लिहिलं आहे ते. बाथरूम आणि स्वयंपाकघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ते माशांना घातक. नळकांडीवर बुरशीरोधक असा शब्द दिसला की ती परत ठेवा. काचेसाठीचं नेहमीचं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडतं. तो अॅसिटिक आम्लाचा वास आहे, सुकल्यावर जातो. ‘पेंट करता येतं’ असं लिहिलेले सीलंट बहुधा अॅक्रिलिक मिश्रणाचे असतात, ते पाण्याखाली टिकत नाहीत. तारीखही बघा. मुदत उलटलेलं सिलिकॉन कितीही थांबलात तरी चिकट राहतं.

दुरुस्ती प्रत्यक्ष कशी करायची?

टाकी पूर्ण रिकामी करा, खडीसकट. थोडं पाणी ठेवून उचलू नका, लिटरला एक किलो या हिशेबाने ते वजन चालता चालता एका कोपऱ्यावर येतं आणि सांधा पिळला जातो. टाकी सपाट जागी जाड चादरीवर ठेवा.

नव्या ब्लेडने पट्टी आधी एका काचेपासून सोडवा, मग दुसऱ्या काचेपासून. ब्लेड काचेला जवळजवळ टेकलेलं, तिरकं. नीट जमलं तर पट्टी लांबच्या लांब दोरीसारखी निघते. कोपऱ्यांच्या तिठ्यात ती तुटते, तिथे घाई करू नका. ब्लेड बोथट झालं की बदला. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि मग ते निसटून मूळ जोडात जातं.

पट्टी गेली तरी काचेवर सिलिकॉनचा अगदी पातळ पडदा राहतो. तो दिसत नाही, बोटाला लागतो: स्वच्छ काचेवर बोट कचकन थांबतं, पडद्यावरून रबरासारखं ओढलं जातं. हा पडदा राहिला तर पुढचं सगळं वाया. खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोनने पुसा. पांढरे क्षार असतील तर आधी व्हिनेगर, मग पाणी, मग अल्कोहोल. अॅसिटोन भराभर पेटतं, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास आच नको. प्लास्टिकच्या चौकटीला ते लागू देऊ नका. पुसून झाल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही.

आता सांध्यापासून साधारण सेंटिमीटरभर अंतरावर दोन्ही काचांना मास्किंग टेप लावा. गनने सिलिकॉन सलग भरा, आधी तळाच्या कडा की उभे कोपरे यावर वाद घालणारे घालोत, मुद्दा एवढाच की सगळं एका दमात व्हायला हवं. सिलिकॉनवर साय धरायला दहा-वीस मिनिटं लागतात, त्याआधी सगळे कोपरे एकमेकांत मिसळले पाहिजेत. मदतीला एक माणूस घ्या: एकाने भरायचं, दुसऱ्याने मागोमाग हातमोजा घातलेल्या बोटाने एकाच ओघात दाबत न्यायचं. बोट परत मागे फिरवायचं नाही. टेप साय धरण्याच्या आत, सिलिकॉन ओलं असतानाच तिरका ओढून काढा. उशीर झाला तर टेपबरोबर पट्टीची कडही उचकटते.

सुकायला किती दिवस?

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत असं सुकतं. दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. वरून हाताला कोरडं लागणं याला काही अर्थ नाही. नळकांडीवर 24 तास लिहिलेलं असलं तरी कोपऱ्यात ते जाड असतं, म्हणून आठवडाभर थांबा. कोरड्या, थंड हवेत आणखी दोन-तीन दिवस. हीटर लावून किंवा उन्हात तापवून वेग वाढवायला जाऊ नका. व्हिनेगरचा वास कोपऱ्यात नाक नेल्यावरही येत असेल तर ते अजून पक्कं झालेलं नाही.

चाचणी कशी घ्यायची?

जिथे पाणी सांडलं तरी बिघडणार नाही अशा जागी, पण सपाट. खाली कोरा कागद पसरा. आधी पाव टाकी भरा आणि काही तास थांबा, मग निम्मी, मग पूर्ण. पूर्ण भरून किमान 48 तास. कागदावर डाग पडला तर लगेच कळतो, ओली फरशी कळत नाही. हे पाणी फेकून द्या आणि टाकी साध्या पाण्याने एकदा खंगाळा.

काचेलाच तडा गेला आहे. सिलिकॉनने बुजेल का?

नाही. सिलिकॉन लवचीक आहे, ते तडा बुजवतं पण काचेला ताकद देत नाही. पाण्याच्या दाबाखाली तडा पुढे सरकतो. बाजूच्या लहान काचेला वरच्या भागात छोटा तडा असेल तर काही जण आतून मोठा काचेचा तुकडा सिलिकॉनने चिकटवतात. लहान टाकीत ते निभतं. तळाच्या काचेला तडा असेल तर मात्र काच बदला किंवा टाकी निवृत्त करा. सरड्याला, कुंडीतल्या रोपांना ती चालेल.

अॅक्रिलिकची टाकी असेल तर?

वरचं जवळजवळ काहीच लागू नाही. अॅक्रिलिकवर सिलिकॉनची पकड कच्ची असते आणि अॅसिटोनने त्याला बारीक भेगा पडतात. त्याचे सांधे द्रावक सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाने जोडतात. सवय नसेल तर जाणकाराकडे द्या.

मूळ जोडात बुडबुडे दिसतात. धोका आहे?

बनवतानाच अडकलेले सुटे बुडबुडे असतील तर वर्षानुवर्षं काही होत नाही. कडेपासून आत सरकत जाणारी चमकदार जागा दिसत असेल तर काच सुटते आहे. तिच्या टोकाला मार्करने खूण करा आणि आठवड्याने बघा. खुणेपुढे गेली असेल तर आतली पट्टी बदलून उपयोग नाही, काचा सुट्या करून टाकी नव्याने जोडावी लागते.

45-50 सेंमीपेक्षा उंच टाकीला हे घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत. चार फुटी टाकीची आतली पट्टी बदलणं वेगळं आणि तिच्या काचा जोडणं वेगळं.

नवी कोरी टाकी गळतेय.

परत द्या. स्वतः सिलिकॉन लावलंत तर बदलून देण्याचा प्रश्नच संपतो. म्हणूनच नव्या टाकीत खडी घालण्याआधी दोन दिवस नुसतं पाणी भरून ठेवावं. बरेच दिवस कोरडी पडलेली जुनी टाकीही तशीच तपासून घ्यावी.

गळती आपोआप थांबली. आता काही करायला नको ना?

केसाएवढ्या फटीत क्षार आणि गाळ बसून ती खरंच बुजते. पण तो गाळ आहे, सिलिकॉन नव्हे. टाकी हलली, पाणी बदललं, शेवाळ खरवडलं की पुन्हा सुरू. थांबली आहे तोवर टब आणि सिलिकॉन जमवून ठेवा.

मुळात टाकी गळायला लागते कशाने?

वय हे एक कारण, पण मला दिसणारं मोठं कारण म्हणजे टाकीखालची जागा. स्टँड एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर खाली असेल तर काच तेवढी पिळलेली राहते. पाणसळ लावून बघा, किंवा पाण्याची पातळी चारही कोपऱ्यांत काठापासून मोजा. फरक दिसला तर टाकी रिकामी करून स्टँडच्या पायाखाली पाचर द्या. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकणं म्हणजे तडा मागून घेणं. ज्या टाकीची तळाची काच थेट स्टँडवर बसते तिच्याखाली पातळ फोमची शीट घाला, ती खडे आणि बारीक चढउतार सामावून घेते. जिची तळाची काच प्लास्टिकच्या चौकटीत अधांतरी असते तिला फोम घालू नका, तो मधल्या काचेला खालून ढकलतो.

आणि मोठे दगड खडीवर रचू नका. मासे खडी उकरतात, दगड घसरतो. दगड आधी तळावर, मग भोवती खडी.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत काही वेगळं?

गळती लवकर दिसते, कारण पाणी उडून गेलं तरी पांढरं मीठ मागे राहतं. मिठाची रेघ वर जिथे संपते तिथे शोधा. पण काठावर आणि झाकणाशी साठणारं सगळंच मीठ गळतीचं नसतं, बुडबुड्यांच्या तुषारांनीही ते जमतं. प्लगच्या पिनांवर मीठ दिसलं तर तो प्लग बदला.

दुरुस्तीनंतर मासे परत कधी सोडायचे?

चाचणी झाली, टाकी जागेवर आली, की टबातलं जुनं पाणी आणि तेच न धुतलेले स्पंज आधी परत घाला. वरचं पाणी नवं असेल तर त्यातलं क्लोरीन घालवा. नुसतं रात्रभर ठेवून क्लोरीन उडतं, क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात घालतात) नाही, त्याला औषधच लागतं. हीटर लावून टाकी आणि टब यांचं तापमान एका अंशाच्या आत आलं की मासे सोडा, मोठ्यांच्या आधी लहान, म्हणजे त्यांना लपायची जागा धरता येते. पुढचा आठवडा अर्धंच खाणं घाला आणि एक दिवसाआड अमोनिया तपासा. काही दिसला तर त्याच दिवशी पाव भाग पाणी बदला. टिश्यूची पट्टी मात्र रोज सकाळी तळाच्या कडेवरून फिरवत राहा, महिनाभर तरी.